जावयाच्या दहा रेघा

आमच्या घरात अफूच्या तपासणीत सापडणारा एक माणूस आहे, हे मी स्वतः, शास्त्रीय पद्धतीने सिद्ध केलं. फक्त तो माणूस कोण, याचा माझा अंदाज जरा चुकला.

मी उदगीरच्या मोंढ्यात आडत करतो. तूर, हरभरा, सोयाबीन. आमच्या धंद्यात माणसावर विश्वास ठेवतात, पण आधी पोत्यात नळी खुपसून आतला दाणा हातावर घेतात आणि मग ठेवतात. वरचा दाणा काय, सगळेच चांगला दाखवतात! आयुष्यभर ही सवय लागलेल्या माणसाच्या घरात नवा जावई आला की त्याची अडचण लक्षात घ्या. वरचा दाणा टपोरा. पण नळी खुपसणार कुठून?

जावई ओंकार मूळचा भोकरकडचा, नोकरी नांदेडात. नोकरी म्हणजे घरात बसून कॉम्प्युटरवर, आणि तीही रात्री! परदेशातल्या कुठल्याशा कंपनीचं काम; त्यांचा दिवस ती आपली रात्र, असं लग्न जमताना पाहुण्यांनी सांगितलं होतं. मी मान डोलावली होती, पण मनात शक राहिलाच. मोंढ्यात रात्री माल हलवतात ते फक्त उंदीर आणि ज्यांना दिवसा हलवता येत नाही ते.

लग्नानंतर पहिला अधिक महिना आला. जावयाला धोंड्याचं जेवण, कपडे आणि तेहतीस अनारशांचं वाण. लेक पल्लवी आणि ओंकार चार दिवस राहायला आले. मंगलने, म्हणजे आमच्या हिने, त्याआधी आठवडाभर अनारसे तळले. तिचा अनारसा म्हणजे खसखशीत लोळून उठलेला असतो. दुसऱ्यांच्या घरी अनारशावर खसखस लावतात, आमच्या घरी खसखशीला अनारसा लावतात! मला मात्र डॉक्टरांनी साखर बंद केलेली. त्यामुळे डबा फडताळात वर, आणि मी खाली.

नेमकं ते आल्याच्या दुसऱ्या सकाळी आमच्या फिरायला जाणाऱ्या मंडळींच्या ग्रुपवर एक मेसेज आला. 'आपल्या घरात कुणी नशा करतं का? ही लक्षणं ओळखा.' डोळे लाल. दिवसा झोप. एकट्याने हसणं. वारंवार बाजूला जाणं. जवळ छोटी पुडी. मी चहा पीत वाचत होतो. समोर जावई बसले होते. डोळे लाल! जांभई देत होते! फोनमध्ये बघून स्वतःशीच हसले! मग उठून मागच्या अंगणात गेले, खिशातून छोटी पुडी काढली, पांढरी पावडर ग्लासात टाकली आणि एका दमात पिऊन टाकली!

मी बशी खाली ठेवली.

"मंगल," मी स्वयंपाकघरात जाऊन हळूच म्हणालो, "जावयाचे डोळे बघितलेस का?"

"बघितले की. दोन हायत."

"लाल हायत!"

"शेजारी मिरच्या कांडायलेत. माझे बी लाल हायत. मी काय गांजा वढते?"

"दिवसा झोपतोय."

"रातभर काम करतंय लेकरू. तुमी तर रातभर झोपून बी दिवसा दुकानात घोरताव. मी कधी काय म्हणले का?" मग ती आवाज खाली आणून म्हणाली, "ते राहू द्या. वाणाचे अनारसे कमी झालेत. मोजून ठेवले होते मी."

मी त्या वेळी तोंड पुसत होतो, म्हणून लगेच बोलता आलं नाही.

"मांजर असंल," मी म्हणालो.

"मांजर डब्याचं झाकण परत लावून जातंय व्हय?"

यावर मी मेसेज पुन्हा उघडला. शेवटचं लक्षण होतं, 'अचानक खाण्याची हाव.' मी नुसतं अंगणाकडे बघून एक लांब श्वास सोडला. मंगलनेही तिकडे बघितलं. आता तिच्याही मनात थोडं विष कालवलं गेलं, याचं मला त्या क्षणी समाधानच वाटलं. (देव हे बघत असतो. फार लक्ष देऊन बघत असतो.)

मला हसू येत होतं असं समजू नका. एकुलती लेक. दोन-तीन दिवसांनी ती या माणसाबरोबर नांदेडला परत जाणार. त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये हा रात्रभर काय करतो, कुणाशी बोलतो, काय घेतो, कुणाला ठाऊक? मी ठरवलं, खात्री होईपर्यंत पल्लवीला गाडीत बसू द्यायचं नाही. आणि खात्री करायची तर तोंडी नाही. माप घेऊन!

मेडिकलवाला मन्मथ माझा शाळेपासूनचा मित्र. भर उन्हात त्याच्या दुकानात गेलो आणि इकडेतिकडे बघून विचारलं, "नशा तपासायची पट्टी असती का रे?"

"असती की. लघवीत बुडवायची, पाच मिनिटांत निकाल. कुणासाठी?"

"एका शेतकऱ्याच्या पोरासाठी."

"कोणता शेतकरी?"

"तू ओळखत न्हाईस. लांबचा हाय. लई लांबचा. दोन दे."

"पोरं दोन हायत?"

"पोरगं एकच. दुसरी काटा तपासायला."

हे मन्मथला समजलं नाही, पण मोंढ्यातल्या कुणालाही समजेल. दुसऱ्याचा माल काट्यावर घालायच्या आधी काटा खरा आहे का, हे आपल्या वजनाने बघायचं. जावयाच्या पट्टीबरोबर एक निर्व्यसनी माणसाची पट्टी हवी. आणि निर्व्यसनी माणूस शोधायला मला लांब जायची गरज नव्हती.

"आत कागद हाय, तेवढा वाच बरं का," मन्मथ म्हणाला. "ह्याचं जरा उलटं..."

"अरे जा! कोविडात अर्ध्या गल्लीच्या पट्ट्या मी वाचल्यात. एक रेघ सुटला, दोन रेघा अडकला!"

त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात एक बाई जुलाबाची गोळी मागायला आली आणि ते तोंड तिच्याकडे वळलं. माझ्या आयुष्यातल्या बऱ्याच गोष्टी अशा जुलाबाच्या गोळीपायी राहून गेल्या आहेत.

आता प्रश्न होता नमुन्याचा. जावयाला काय सांगून मागायचा? गहू-तांदूळ असता तर मूठभर उचलला असता! मी दुपारभर विचार केला आणि संध्याकाळी ओंकारजवळ जाऊन बसलो.

"जावईबापू, आमच्या घरात एक पद्धत हाय."

"काय मामा?"

"धोंड्याच्या जेवणाआधी साखर तपासतात. पुरण असतंय ना. घरच्या सगळ्या पुरुषांची. माझ्या सासऱ्यांनी बी माझी तपासली होती." (सासरे मला तपासायला जिवंतही नव्हते.) "ह्या बाटलीत थोडं... म्हणजे... सकाळी..."

ओंकारने बाटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि तसाच हसला, ते लक्षणांच्या यादीतलं हसू.

"हाव मामा. देतो की. त्यात काय."

इतका सहज कबूल? माझा शक दुप्पट झाला! साध्या माणसाने निदान लाजायला तरी हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन बाटल्या आणि दोन पट्ट्या घेऊन गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे बसलो. पट्टी म्हणजे एक चपटं कार्ड. त्यावर ओळीने पाच घरं, प्रत्येक घर एकेका नशेचं, खाली इंग्रजीत तीन-तीन अक्षरं. आधी जावयाचं कार्ड बुडवलं. गुलाबी पाणी हळूहळू वर चढलं. पहिल्या घरात रेघ आली. मग दुसरी. दुसऱ्या घरात दोन. तिसऱ्यात दोन. चौथ्यात दोन, त्यातली एक फिकट, पण होती. पाचव्यात दोन!

पाच घरं, दहा रेघा! कोविडात एका दोन-रेघवाल्यासाठी आख्खी गल्ली पत्रे ठोकून बंद केली होती. इथं तर माझ्या जावयात पाच-पाच नशा! एवढं सगळं घेऊन हा माणूस बसतो कसा, सरळ चालतो कसा, आणि वर मंगलला 'मामी, भजी मस्त झालीत' म्हणतो कसा?

मग मी माझं कार्ड बुडवलं. निर्व्यसनी माणसाचं कार्ड. पहिल्या घरात... दोन रेघा.

दुसऱ्यात दोन. तिसऱ्यात दोन. चौथ्यात दोन!

मी टाकीला टेकलो. मी? मी तर आयुष्यात... आणि मग पाचवं घर आलं. त्यात एकच रेघ. डोळे फाडून बघितलं, कार्ड उन्हात धरलं, सावलीत धरलं. एकच!

डोकं शांत ठेवून विचार केला तर सगळ्याचा अर्थ लागतो. माझी व्यसनं किती? चहा. पान. सुपारी. तपकीर. चार! बरोबर चार घरं! मी मनातल्या मनात त्या पट्टी बनवणाऱ्याला हात जोडले. काय बारीक माप आहे! आणि पाचवं घर, जिथे मी सुटलो आणि जावई अडकला, ते कशाचं? खालची तीन अक्षरं फोनमध्ये घातली. उत्तर आलं: अफूच्या जातीची नशा.

म्हणजे हिशोब उघड होता. जावयात माझ्यापेक्षा फक्त एक गोष्ट जास्त होती. अफू!

मी दोन्ही कार्डं टाकीमागच्या विटांत लपवली आणि खाली येऊन देवघरासमोर बसलो. विभूती लावली. लेकीला कसं सांगायचं, ओंकारच्या वडिलांना फोन कुठून सुरू करायचा, आणि धोंड्याचं जेवण आता घालायचं की नाही? (पुरण वाटून झालं होतं. पुरणाचा काय दोष?)

मी शब्द जुळवत होतो, तेवढ्यात बाहेरून मंगलचा आवाज आला. असा आवाज मी तिचा फक्त पल्लवी दहावी पास झाली तेव्हा ऐकला होता.

"पल्ले! अगं माझ्या बाय! आईपासून लपवायचं असतंय व्हय गं?"

बाहेर गेलो तर माजघरात पाट मांडलेला, पल्लवी त्यावर जबरदस्तीने बसवलेली, मंगलच्या हातात नारळ आणि खण, शेजारच्या सुशीलाकाकू तांदळाची परात धरून उभ्या. ओंकार दारात ग्लास घेऊन, पांढऱ्या पावडरीचा!

"काय चाललंय?" मी विचारलं.

"ओटी भरायले! आवं, आजोबा होणार तुमी!" मंगलने पदरातून कार्ड काढलं. जावयाचं कार्ड! "पापड वाळत घालायला गच्चीवर गेले, तर टाकीमागं हे. लाजून लपवलं पोरीनं. दोन रेघा हायत बगा, दोन!"

"आई, ते माझं न्हाई!" पल्लवी ओरडत होती.

"घरात दुसरं कोण हाय गं त्या वयाचं? मी?"

सुशीलाकाकूंनी कार्ड हातात घेऊन जवळून बघितलं. त्यांचा चेहरा बदलला. "मंगल, हे एक घर न्हाई. ही पाच घरं हायत. पाचाही घरांत दोन-दोन रेघा."

"पाच?" मंगलने नारळ खाली ठेवला. "एकदम?"

"जुळं ऐकलं होतं. तिळं बी ऐकलं होतं एकदा," काकू म्हणाल्या.

"आई, न्हाई गं! एक बी न्हाई!"

मला राहवलं नाही. म्हणजे राहवायला हवं होतं, पण राहवलं नाही. मी ओरडलो, "त्या रेघा पोरीच्या न्हाईत! त्या जावयाच्या हायत!"

मंगलने माझ्याकडे बघितलं. ओंकारकडे बघितलं. त्याच्या पोटाकडे बघितलं.

"जावयाला दिवस गेलेत?"

"नशा हाय ती! नशेची तपासणी हाय ती!" आता थांबणं शक्यच नव्हतं. "पाच नशा करतोय तुझा जावई! अफू सुद्धा! हातातला ग्लास बग! पल्लवी नांदेडला जाणार न्हाई. ह्या माणसाबरोबर तर न्हाईच न्हाई!"

सुशीलाकाकूंच्या परातीतले तांदूळ सांडले. पल्लवी उठून ओंकारच्या शेजारी जाऊन उभी राहिली, आणि माझ्याकडे अशा नजरेने बघू लागली की मला पहिल्यांदाच वाटलं, आपण तिला नांदेडला जाऊ दिलं नाही तरी ती या घरातही राहणार नाही.

ओंकारने ग्लास खाली ठेवला, खिशातली पुडी काढली आणि मंगलच्या हातात दिली. मंगलने वाचली. मोठ्याने वाचली.

"आम्लपित्त आणि छातीतील जळजळीसाठी."

"मामी," ओंकार हळू आवाजात म्हणाला, "तुमी वाढता, अन् मला न्हाई म्हणता येत न्हाई. आल्यापासून पित्त वाढलंय. तुमाला वाईट वाटंल म्हणून अंगणात जाऊन घेत होतो."

"पण दहा रेघा?" मी म्हणालो. माझा आवाज मलाच बारीक वाटला. "डोळे? पट्टी खोटं बोलतीया का?"

"बोलवा मन्मथकाकांना," पल्लवी म्हणाली. "आत्ताच्या आत्ता बोलवा, अप्पा."

मन्मथ आला. सांडलेले तांदूळ, पाट, नारळ आणि माझं तोंड बघून त्याने ओळखलं की लांबचा शेतकरी बराच जवळ आलेला आहे. त्याने कार्ड घेतलं, चष्मा वर केला आणि म्हणाला, "स्वच्छ हाय की. पाचाही घरांत स्वच्छ."

"दोन रेघा हायत!"

"मग? कागद वाच म्हणलं होतं तुला. ह्याचं उलटं असतंय. वरची रेघ सांगती, पट्टी चालू हाय. खालची सांगती, माणूस सुटला. दोन रेघा म्हणजे काही सापडलं न्हाई. खालची रेघ गायब झाली, तर घोटाळा."

"पण ती एक फिकट हाय," मी शेवटची काडी पकडली.

"फिकट असू दे, न्हाईतर गडद. रेघ आली म्हणजे सुटला."

मी खाली बसलो. त्याच पाटावर, ओटीच्या. हायसं वाटलं होतं, खरंच वाटलं होतं. लेकीचा संसार जागेवर होता आणि अब्रू काय, ती पुन्हा मिळवता येते असं ऐकलं आहे. मी जावयापुढे हात जोडणार, एवढ्यात मन्मथ म्हणाला, "दुसरं कुठं हाय? दोन नेली होतीस ना? काटा तपासायला?"

"ते... ते राहू दे."

"टाकीमागं आणखी एक होतं," मंगल म्हणाली आणि पदराच्या दुसऱ्या टोकातून तेही काढलं. आमच्या हिच्या पदरात काय काय मावतं, याचीही एक तपासणी व्हायला हवी.

मन्मथने कार्ड बघितलं. चष्मा काढला. पुसला. पुन्हा बघितलं. "हे कुणाचं?"

सगळे माझ्याकडेच बघत होते.

"पाचव्या घरात एकच रेघ हाय," मन्मथ म्हणाला. "अफूच्या घरात. गुरुनाथ, तू सापडलास."

"आवं!" मंगलने तोंडाला पदर लावला. "अफू?"

"मी? शपथ घेतो! चहा, पान, सुपारी, तपकीर! बास!"

"ते ह्यात दिसतच न्हाई," मन्मथ म्हणाला. सुशीलाकाकू परात घेऊन दाराबाहेर सरकायला लागल्या. ही बातमी गार व्हायच्या आत गल्लीत पोचायला हवी होती. "थांबा काकू, पूर्ण ऐकून जावा. ही पट्टी म्हणजे चाळणी हाय. चाळणीवर काहीतरी अडकलं, एवढंच सांगती. खडा हाय का हरभरा, ते लॅबमध्ये मोठ्या तपासणीत कळतंय. खोकल्याच्या काही औषधानं बी अडकतं. तू औषध काय घेतलंस?"

"काहीच न्हाई."

"मग काल-परवा खाल्लंस काय? खसखस खाल्लीस का? लई खाल्ली तर अडकतंय. अफूच्याच झाडाचं बी ते. चिमूटभर न्हाई, भरपूर खावं लागतं. ओंजळभर."

ओंकारने खाली बघितलं. पल्लवीने वर, फडताळाकडे बघितलं. आणि मंगलने माझ्याकडे बघितलं.

"मांजर," ती म्हणाली.

एवढंच म्हणाली. पण तो एक शब्द तिने असा काढला की गेल्या तीस वर्षांतली सगळी मांजरं त्यात आली.

"साखर बंद हाय ना तुमाला? अन् जावयाच्या वाणातले खाताव? अन् वरून त्याच्यावर शक घेताव?"

"दोनच..." मी म्हणालो.

"दोनानं अडकत न्हाई," मन्मथ म्हणाला. मित्र म्हणावं की सरकारी वकील!

ओंकार पुढे आला आणि माझ्या शेजारी पाटाजवळ बसला. मला वाटलं, आता बोलेल, आणि जे बोलेल ते मी ऐकून घेईन.

"मामा, एक सांगू का? साखर तपासायला बोटातून रक्त काढतात. एवढं मला बी ठावं होतं."

"मग दिलंस कामून?"

"तुमी मागितलं म्हणून दिलं. रात्री काम करतो, जागून राहतो, डोळे लाल असतात. माझ्या बापाला बी सुरुवातीला शकच आला होता. म्हणलं, एकदा बगून घेऊ द्या मामाला. मग निवांत होतील." तो तसाच हसला. "अनारसे घेतले, मला सांगायचं की. मी झाकण धरलं असतं."

पल्लवी आधी हसली, मग मंगल. सुशीलाकाकू सगळ्यांत शेवटी हसल्या, पण गल्लीत पोचल्या सगळ्यांत आधी. संध्याकाळी मोंढ्यात एक हमाल माझ्यासमोर पोतं ठेवून म्हणाला, "अप्पा, बसून घ्या, चक्कर येत असंल."

धोंड्याचं जेवण व्यवस्थित पार पडलं. अनारशांचं वाण मंगलने नव्याने तळून पुरं केलं आणि मला समोर बसवून मोजायला लावलं. पल्लवी नांदेडला गेली, खुशीत गेली. ओंकारने जाताना पुड्यांचा एक डबा माझ्यासाठी ठेवला: जळजळ होत असेल तर घ्या, म्हणाला.

त्यानंतर दिवाळी आली. यंदा अनारशाच्या डब्याला मंगलने कुलूप लावलेलं नाही. झाकणावर फक्त एक नवी पट्टी ठेवली आहे, पाच घरांची, पाकीट न फोडलेली. डब्याजवळून जाताना ती मला दिसते आणि मी निमूट पुढे जातो. या दिवाळीत कोणत्याही तपासणीला बसायला मी तयार आहे. पाचाही घरांत दोन-दोन रेघा येतील, हे छातीठोक सांगतो.

कारण आता मी अनारसा खसखस खरवडून मगच खातो.